ऑपेरा ऐकायचा तर सुरुवात सोप्रानोपासून

१९७७ साली 'नासा'ने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. पृथ्वीवरचे निवडक आवाज आणि संगीत तिच्यात साठवले आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी तिच्यात आहे, हे आपण कौतुकाने सांगतो. त्याच तबकडीवर जर्मन गायिका एडा मोझरही आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मोत्सार्टच्या 'द मॅजिक फ्लूट' या ऑपेरात रात्रीची राणी जे गाते, तेच मोझरने गायले आहे.

केसरबाईंचा पहिला सूर लागला की आपण आत गेलेले असतो. मोझरच्या राणीला ऐकून नवखा माणूस मात्र विचारतो, "ही बाई किंचाळते का?" ती किंचाळत नाही, संतापलेली आहे. कोणावर आणि कशासाठी, हे कळले की तेच टोकदार सूर एकदम जागच्या जागी बसतात.

ऑपेराची भीती वाटते ती बहुतेक अशीच, प्रसंग ठाऊक नसताना सूर कानावर पडल्यामुळे. म्हणून हा क्रम उलटा करावा. आधी कोण कोणाला काय म्हणते आहे ते जाणून घ्यावे, मग गाणे लावावे, आणि तेही स्वच्छ ध्वनिमुद्रणातले. सुरुवातीला तीन तासांचा अख्खा ऑपेरा बघण्याची गरज नाही. पाच-सहा आरिया पुरतात.

आरिया आणि तिची गायिका

ऑपेरा म्हणजे गाऊन केलेले नाटक. इटलीत फ्लॉरेन्सच्या दरबारी मंडळींनी १६०० च्या सुमारास हा प्रयोग सुरू केला. १६०७ साली मांटुआला झालेला मॉन्तेव्हेर्दीचा 'लोर्फेओ' आजही रंगमंचावर येतो. १६३७ साली व्हेनिसमध्ये तिकीट काढून कोणालाही बघता येईल असे पहिले ऑपेरागृह उघडले आणि दरबाराचा हा खेळ गावाचा झाला.

कथा पुढे सरकते ती बोलण्याच्या अंगाने जाणाऱ्या गायनातून. त्याला रेचितातीव्हो म्हणतात. पात्र थांबून मनातले सांगते, ती आरिया. मराठी वाचकाने नाट्यपद आठवावे. पद रेडिओवर एकटे ऐकले तरी गोड लागते, पण नाटक ठाऊक असणाऱ्याला ते दुप्पट लागते. आरियाचेही तसेच आहे. एक फरक मात्र मोठा आहे. आपल्याकडे गायक नट पद वाढवत नेतो, वन्समोअर घेतो, दुसऱ्या दिवशी वेगळ्या जागा घेतो. आरियाचा जवळजवळ प्रत्येक सूर संगीतकाराने कागदावर लिहून ठेवलेला असतो. गायिकेच्या हाती उरते ते श्वास कुठे घ्यायचा, लय कुठे जराशी ओढायची, सूर कुठे बारीक करत न्यायचा आणि कोणता शब्द टोचायचा, एवढेच. तेवढ्यातच दोन गायिका ओळखू येतात. म्हणूनच एकच आरिया चार जणींकडून ऐकण्यात मौज असते.

स्त्रीच्या आवाजातली सर्वांत उंच पट्टी म्हणजे सोप्रानो. नायिका बहुधा हीच असते. त्यातही चपळ, ताना घेणारा आवाज कोलोरातुरा, मऊ आणि लांब ओळी सांभाळणारा लिरिक, आणि मोठ्या वाद्यवृंदाला पुरून उरणारा ड्रामॅटिक. ही नावे पाठ करायची गरज नाही. ऐकता ऐकता कानच वाटण्या करतो.

पहिली अडीच मिनिटे

सुरुवात पुच्चिनीच्या 'ओ मिओ बाब्बीनो कारो'ने करावी. ती अडीच-तीन मिनिटांत संपते, चाल लगेच कानात बसते आणि कुठेतरी, जाहिरातीत किंवा सिनेमात, तुम्ही ती आधी ऐकलेली असण्याची शक्यता आहे. १९८५ च्या 'अ रूम विथ अ व्ह्यू' या चित्रपटात न्यूझीलंडच्या किरी ते कानावा हिच्या आवाजात ती आहे.

ही आरिया ज्या 'जान्नी स्किक्की'तली आहे तो एक अंकी विनोदी ऑपेरा. पहिला प्रयोग १४ डिसेंबर १९१८ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात झाला. काळ १२९९, गाव फ्लॉरेन्स. एक श्रीमंत म्हातारा नुकताच वारला आहे आणि सगळी इस्टेट मठाला देऊन गेला आहे. नातेवाईक डोक्याला हात लावून बसलेत. यातून वाट काढू शकेल असा चलाख माणूस एकच, जान्नी स्किक्की. पण तो खेड्यातून आलेला उपरा म्हणून ही खानदानी मंडळी त्याचा पाणउतारा करतात. तो रागाने निघतो. आता त्याची एकवीस वर्षांची मुलगी लाउरेत्ता मध्ये पडते, कारण तिचे प्रेम याच घरातल्या मुलावर आहे.

ती वडिलांना लाडीगोडी लावते. मला तो आवडतो, मला अंगठी घ्यायला बाजारात जायचे आहे आणि तुम्ही नाही म्हणालात तर पाँते व्हेक्कियो पुलावर जाऊन आर्नो नदीत उडी टाकीन. सरळ भाषेत सांगायचे तर हा लाडक्या लेकीचा हट्ट आहे आणि बाप त्याला बळी पडणार हे तिला पक्के ठाऊक आहे. सूर मात्र पुच्चिनीने असे दिले आहेत की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे. चाल अलगद झुलत जाते आणि मध्येच एका झेपेत सप्तक ओलांडून वरच्या ए-फ्लॅटला पोचते. ती झेप गायिका कशी घेते ते नीट ऐका. काही जणी तिथे जोर लावतात. चांगली गायिका आवाज उलट हलका करते आणि सूर जणू आधीपासून वर होताच असे वाटते.

अँजेला गेओर्ग्यू ही रुमानियन सोप्रानो अंतोनियो पप्पानोच्या संचालनाखाली झालेल्या संपूर्ण 'जान्नी स्किक्की'च्या ध्वनिमुद्रणात लाउरेत्ता आहे. सुटी आरिया ऐकण्यापेक्षा तिथली ऐकावी, असे मी सांगेन. आधीचा सगळा गोंधळ, भांडण आणि आरडाओरडा ऐकू येतो, आणि मग ही चाल सुरू होते. जलशांत हीच आरिया प्रार्थनेसारखी डोळे मिटून गातात. ऐकायला छान वाटते, पण लाउरेत्ता अशी नाही. तिचा एक डोळा बापाच्या चेहऱ्यावर आहे.

माईक नाही, म्हणून हा आवाज असा

हा गळा इतका गोल, इतका भरीव का लागतो? कारण तो माईकशिवाय पोचवायचा असतो. समोर साठ-सत्तर वाद्ये आणि मागे हजार-दोन हजार माणसे. वाद्यवृंदाच्या आवाजाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याच्या वर उतरत जातो. पुरुष गायक आणि खालच्या पट्टीच्या गायिका घसा असा घडवतात की ३,००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला जादा धार येते. वाद्ये तिथे कमजोर असल्यामुळे गळा वर उठून ऐकू येतो. स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांच्या संशोधनातून हे स्पष्ट झाले.

सोप्रानोची युक्ती वेगळी. तिचा सूरच इतका उंच असतो की ती जबडा उघडून तोंडातल्या पोकळीचा नाद त्या सुराशी जुळवून घेते. फुकट मोठेपणा मिळतो, पण एक किंमत मोजावी लागते. 'ई' हा स्वर 'ई' वाटतो तो ३०० हर्ट्झच्या आसपासच्या नादामुळे. सोप्रानोचा वरचा ए सूर ८८० हर्ट्झचा, वरचा सी हजाराच्याही पुढचा. तिथे 'ई'ला उभे राहायला जागाच नाही. 'ई', 'उ', 'ए' सगळे 'आ'कडे झुकतात. म्हणून वरच्या पट्टीतले शब्द इटालियन माणसालाही धड कळत नाहीत. भाषा येत नाही म्हणून ऑपेरा आपला नाही, असे वाटत असेल तर हे लक्षात ठेवावे. मिलानच्या प्रेक्षकालाही मदत लागते. टोरांटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने १९८३ साली रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवायला सुरुवात केली आणि जगभरच्या ऑपेरागृहांनी ती सोय उचलली.

दुसरी तक्रार कंपाची. आपल्या कानाला स्थिर स्वराची सवय. तिथे सूर सेकंदाला पाच-सात वेळा सतत हलतो. तो दोष नाही, त्या शैलीत मोकळ्या गळ्याची ती खूण मानतात. कंप हळू आणि रुंद झाला, सूर डोलू लागला, तर मात्र तिथलेही जाणकार नाक मुरडतात. दहा-पंधरा दिवस ऐकल्यावर हा कंप खटकेनासा होतो.

नवी ध्वनिमुद्रणे का?

जाणकारांना विचाराल तर ते तुम्हाला थेट मारिया कॅलसकडे पाठवतील. १९५३ साली मिलानच्या ला स्कालाच्या वाद्यवृंदासह व्हिक्टर दे साबाताच्या संचालनाखाली तिने ध्वनिमुद्रित केलेला 'तोस्का' आजही अव्वल मानला जातो, आणि तो मान रास्तच आहे. पण ते मोनो ध्वनिमुद्रण आहे. वाद्यवृंद एका गठ्ठ्यात ऐकू येतो, आणि तरबेज कान तो गठ्ठा मनातल्या मनात सोडवून घेतो. नवख्याला ते जमत नाही. त्याला फक्त 'जुने आणि दुरून' एवढेच जाणवते. नव्या मुद्रणात हार्प कुठे आहे, व्हायोलिनने गायिकेचीच चाल कुठे धरली आहे, तिने श्वास कुठे घेतला, हे वेगवेगळे कळते. कॅलसकडे जायचेच, पण सहा महिन्यांनी.

शिवाय आता चित्र आहे. 'तोस्का'चेच घ्या. रोमला १४ जानेवारी १९०० रोजी पहिल्यांदा झालेल्या या ऑपेरात नायिका स्वतः गायिका आहे. पोलीस प्रमुख स्कार्पिया तिच्या प्रियकराचा छळ करतो आणि त्याच्या जिवाच्या बदल्यात तिची मागणी करतो. कोपऱ्यात सापडलेली तोस्का देवाला जाब विचारते: मी कलेसाठी जगले, कोणाचे वाईट केले नाही, मग हे फळ का? ती आरिया म्हणजे 'व्हिस्सी दार्ते'. ती संपल्यावर थोड्याच वेळात तोस्का स्कार्पियाच्या जेवणाच्या टेबलावरची सुरी उचलून त्याला भोसकते. बेन्वा जाको या दिग्दर्शकाने २००१ साली यावर चित्रपट केला. गेओर्ग्यू तोस्का, पप्पानो संचालक. गंमत अशी की वेषभूषेतल्या रंगीत दृश्यांच्या मध्ये मध्ये ध्वनिमुद्रणाच्या वेळची कृष्णधवल दृश्ये येतात. रोजच्या कपड्यांतली मंडळी माईकसमोर उभी राहून गाताना दिसतात. हा आवाज शरीरातून कसा निघतो, हे कळायला मला तरी याहून चांगला चित्रपट माहीत नाही.

एक सावधगिरी. मोबाइलच्या स्पीकरवर सोप्रानो ऐकू नये. वरचे सूर कर्कश होतात, खालचा वाद्यवृंद गायब होतो आणि दोष ऑपेराच्या माथी बसतो. बरा हेडफोन आणि बेताचा आवाज असला की काम होते.

रात्रीच्या राणीचा राग

आता मोझरच्या राणीकडे येऊ. 'द मॅजिक फ्लूट' ३० सप्टेंबर १७९१ रोजी व्हिएन्नाच्या उपनगरी नाट्यगृहात आला. त्याच वर्षी ५ डिसेंबरला मोत्सार्ट गेला. गाणी आणि मध्ये गद्य संवाद, अशी त्याची घडण आहे आणि भाषा जर्मन. राणीची भूमिका पहिल्यांदा गायली ती मोत्सार्टची मेहुणी योझेफा होफर हिने. तिचा गळा कुठवर जातो हे घरातच माहीत असल्यामुळे मोत्सार्टने वरच्या एफपर्यंत, म्हणजे जवळजवळ १,४०० हर्ट्झपर्यंत, सूर लिहून ठेवले.

प्रसंग असा: राणी आपल्या मुलीच्या, पामिनाच्या हातात खंजीर देते आणि आपला वैरी जारास्ट्रो याला मारून ये म्हणते, नाहीतर तू माझी मुलगी नाहीस. मधल्या टोकदार, सुट्या सुट्या सुरांना शब्दच नाहीत. रागाने माणसाचे बोलणे तुटते, तेच इथे सुरांत झाले आहे.

यासाठी २००३ चा लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसचा प्रयोग बघावा. डेव्हिड मॅकव्हिकरचे दिग्दर्शन, कॉलिन डेव्हिसचे संचालन, राणी झाली आहे जर्मन सोप्रानो डियाना डामराऊ. सूर तर ती अचूक मारतेच, पण पाहण्यासारखी आहे ती मुलीवर बसवलेली जरब. समोरच्या पामिनाकडे, डोरोथेआ रोशमानकडे, तेवढेच लक्ष ठेवा. ही आरिया कसरत म्हणून गाणाऱ्या पुष्कळ आहेत. डामराऊ ती आई म्हणून गाते.

व्हायोलेत्ताचे दोन स्वभाव

व्हेर्दीचा 'ला त्राव्हियाता' ६ मार्च १८५३ रोजी व्हेनिसला पहिल्यांदा झाला आणि पडला. आज जगात सर्वाधिक होणाऱ्या ऑपेरांत त्याची गणना होते. नायिका व्हायोलेत्ता पॅरिसमधली उच्चभ्रू गणिका, क्षयाने आजारी. पहिल्या अंकाच्या शेवटी मेजवानी उठते, सगळे जातात, ती एकटी उरते. आल्फ्रेदो नावाच्या तरुणाने नुकतेच तिच्यावर प्रेम असल्याचे सांगितले आहे.

इथून दहाएक मिनिटे ती एकटीच रंगमंच सांभाळते. आधी संथ भाग: हाच तो का, असा प्रश्न. मग ती स्वतःलाच झटकून टाकते, छे, वेडेपणा! आणि सुरू होते 'सेम्प्रे लीबेरा', मला कायम मोकळेच राहायचे आहे. झरझर ताना, फेसाळणारा उत्साह. एवढ्यात बाहेरून आल्फ्रेदोचा आवाज येतो. ती क्षणभर अडखळते आणि आणखी वेगाने पुढे धावते. आधी संथ, मग द्रुत, ही जोडी त्या काळच्या इटालियन ऑपेराची ठरलेली चौकट होती. व्हेर्दीने तिच्यातूनच बाईच्या मनातली ओढाताण दाखवली. मोकळे राहायचे म्हणणारी बाई इतकी घाईत का गाते, हे ऐकणाऱ्याला कळते. तिला स्वतःला ते कळायला पुढचे दोन अंक जावे लागतात. शेवटी अनेक गायिका एक फार उंच ई-फ्लॅट लावतात आणि टाळ्या घेतात. तो व्हेर्दीने लिहिलेला नाही. लागला तर उत्तम, नाही लावला तरी काही बिघडत नाही.

यासाठी दोन मुद्रणे सांगतो. १९९४ ला लंडनमध्ये ८२ वर्षांच्या गेओर्ग शोल्टीने गेओर्ग्यूला घेऊन केलेला प्रयोग इतका गाजला की बीबीसीने ठरलेले कार्यक्रम बाजूला सारून तो दाखवला. पारंपरिक नेपथ्य, भरजरी कपडे, आणि गेओर्ग्यूचा अगदी नवा गळा. दुसरे २००५ चे, ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग महोत्सवातले: अॅना नेत्रेब्को, लाल झगा, जवळजवळ रिकामा रंगमंच आणि एक भले मोठे घड्याळ. दिग्दर्शक विली डेकरने वेळ संपत चालल्याचे त्या घड्याळातून सतत समोर ठेवले आहे. गाणे पहिल्यातले अधिक कोवळे, नाटक दुसऱ्यातले अधिक बोचरे. नवख्याने दुसरे आधी बघावे, असे माझे मत. त्यात नजर हटत नाही.

चंद्राला साकडे

द्वोर्झाकच्या 'रुसाल्का'बद्दल थोडक्यात. भाषा चेक, पहिला प्रयोग प्राग, १९०१. जलपरी राजपुत्राच्या प्रेमात पडते आणि चंद्राला म्हणते, तू सगळीकडे बघतोस, त्याला माझा निरोप सांग. हार्पवर चांदणे पडल्यासारखी सुरुवात होते. माणूस होण्यासाठी पुढे ती आपली वाचा गमावते. ऑपेराची नायिका आणि दुसऱ्या अंकात बराच वेळ मुकी! अमेरिकन सोप्रानो रिने फ्लेमिंगची ही हातखंडा भूमिका. चार्ल्स मॅकेरास आणि चेक फिलहार्मोनिकसोबतचे तिचे १९९८ चे ध्वनिमुद्रण डोळे झाकून घ्यावे.

पॅरिसने पाहिलेला हिंदुस्थान

लिओ दलीबचा 'लाक्मे' १८८३ साली पॅरिसला आला. नायिका लाक्मे, म्हणजे लक्ष्मी, नीलकंठ नावाच्या ब्राह्मणाची मुलगी. तिचे मन बसते एका इंग्रज अधिकाऱ्यावर. प्रसाधनांचा 'लॅक्मे' हा ब्रँड टाटांनी १९५२ साली याच नावावरून काढला, तेव्हा नाव तरी आपल्या घरात केव्हाच आलेले आहे. कथेतला हिंदुस्थान मात्र पॅरिसच्या कल्पनेतला. प्रसिद्ध 'घंटागीता'त अस्पृश्य मुलगी रानात एका अनोळखी पुरुषाला श्वापदांपासून वाचवते आणि तो निघतो ब्रह्मदेवाचा मुलगा विष्णू! आपल्या कीर्तनकारांनी हे ऐकले असते तर त्यांनी कपाळावर हात मारला असता.

पण प्रसंग जबरदस्त आहे. नीलकंठ मुलीला भर बाजारात गायला लावतो, कारण तिचा आवाज ऐकून तो अधिकारी गर्दीतून पुढे येईल आणि आपल्या तावडीत सापडेल. म्हणजे लाक्मेचे गाणे हाच सापळा. घंटांची नक्कल करणारे चढते सूर ऐकताना हे लक्षात असले की त्या नाजूकपणानेच अंगावर काटा येतो. फ्रेंच सोप्रानो साबीन देव्हिएलच्या २०१७ च्या 'मिराज' या अल्बममध्ये हे गीत आहे आणि लाक्मे व दासी मल्लिका यांचे फुलांचे युगुलगीतही.

त्या युगुलगीताचीच एक हकीकत. दक्षिण आफ्रिकेतल्या पीट रेटीफ गावच्या प्रिटी येंडेने सोळाव्या वर्षी टीव्हीवर ब्रिटिश एअरवेजची जाहिरात पाहिली. मागे हे सूर वाजत होते. दुसऱ्या दिवशी तिने शाळेत शिक्षकांना विचारले, हे काय आहे? ऑपेरा, असे उत्तर मिळाले. २०२३ मध्ये राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकात वेस्टमिन्स्टर अॅबीत गायलेली सोप्रानो ती हीच.

आपल्या गावात

गिरगावातले रॉयल ऑपेरा हाउस १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उघडले. नावाला ऑपेरा असला तरी तिथे बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथही गायले. पुढे तिथे सिनेमे लागले, आणि १९९३ ला ते बंद पडले. डागडुजीनंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये दारे पुन्हा उघडली, तेव्हा गायली ती मुंबईत वाढलेली, गोव्याच्या घराण्यातली सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ. ब्रिटिश संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी खास तिच्या आवाजासाठी रचना केल्या आहेत. मुंबईत कुठे ऑपेराचा प्रयोग किंवा गायनाची मैफल लागली, तर एकदा तरी माईकशिवायचा सोप्रानो समोर बसून ऐका. ध्वनिमुद्रण कितीही चांगले असले तरी त्या आवाजाचे आकारमान त्यात मावत नाही.

तोवर घरी एवढे करा. 'ओ मिओ बाब्बीनो कारो' एका बैठकीत तीन गायिकांची ऐका: ते कानावा, गेओर्ग्यू आणि नेत्रेब्को. शब्दांचा अर्थ समोर ठेवा. ज्या आवाजाकडे दुसऱ्या दिवशी आपसूक परत जाल, तिचाच एक अख्खा ऑपेरा, भाषांतराच्या ओळींसह, पहिला म्हणून बघा. संगीतकार कोण, याची चिंता तेव्हा करू नका.